हक्काचे पाणी आणि तीन मासे

गेली सत्तावीस वर्षे आम्ही या शाळेत इतिहास शिकवीत आहोत. या काळात वर्गात ज्या विषयाकडे आम्ही पुन:पुन्हा वळलो, तो विषय म्हणजे पाणी. गावे पाण्याच्या आधाराने वसतात, राज्ये पाण्याच्या आधाराने उभी राहतात. आणि माणसाला माणसापासून तोडायचे झाले, तर तेही सर्वांत आधी पाणवठ्यावरच तोडले जाते. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने लेखाची आज्ञा केली, तेव्हा शाळेच्या आठवणी लिहिणारे हात पुष्कळ आहेत हे जाणून आम्ही एका दूरच्या सरोवरावरचा दिवस लिहावयाचे ठरविले. कुटुंबासह मासे धरायला जाणे हा विषय वरकरणी हलका वाटेल. परंतु त्या दिवशी आमच्या घरातील चार पिढ्या एका नावेत बसल्या होत्या, आणि त्या नावेत जो प्रश्न उभा राहिला तो या शाळेतून बाहेर पडलेल्या प्रत्येकापुढे आज ना उद्या उभा राहणार आहे, असे आम्हांस वाटते.

आमची कन्या याच शाळेच्या वसतिगृहात पाचवी ते दहावी शिकली. पुढे तिने परिचर्येचे शिक्षण घेतले आणि आता ती न्यूझीलंडमधील हॅमिल्टन शहरी रुग्णालयात काम करते. मे महिन्याच्या सुटीत आम्ही उभयता तिच्याकडे गेलो; सोबत आमची आई होती. घरात सर्व जण तिला माय म्हणतात. तिचे वय एकोणऐंशी. नागपूरच्या पलीकडे ती आजवर दोनदाच गेली होती आणि दोन्ही वेळा महापरिनिर्वाण दिनी, चैत्यभूमीला. अशी बाई अर्धी पृथ्वी ओलांडून आली आणि विमानतळावर उतरताच तिने पहिला प्रश्न विचारला तो नातीच्या घरी नळाला पाणी किती वाजता येते हा.

जावईबापूंनी एका शनिवारी टाउपो सरोवरावर नाव ठरविली होती. हॅमिल्टनहून मोटारीने दोन तासांचा रस्ता. टाउपो हे न्यूझीलंडमधील सर्वांत मोठे सरोवर. त्याचे क्षेत्र सुमारे ६१६ चौरस किलोमीटर आहे. पलीकडचा काठ धुक्यात दिसेनासा होतो आणि दक्षिणेस टोंगारिरो, न्गाउरुहोए व रुआपेहू या ज्वालामुखी पर्वतांची शिखरे उभी असतात. हे सरोवर मुळात ज्वालामुखीचेच मुख आहे. सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीच्या प्रचंड स्फोटाने येथील भूमी खचली आणि त्या खळग्यात पाणी साठले. अलीकडचा मोठा स्फोट इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील, म्हणजे आपल्याकडे सातवाहनांचे राज्य मावळत होते त्या सुमाराचा. तेव्हा त्या बेटांवर माणसाने पाऊलही ठेवलेले नव्हते. माओरी लोक पॉलिनेशियातून आपल्या मोठ्या नावांनी तेथे पोहोचले ते त्यानंतर हजार-एक वर्षांनी. या सरोवराच्या परिसरात त्यांच्यापैकी जी जमात नांदते तिचे नाव न्गाती तूफारेतोआ.

ज्या माशासाठी देशोदेशीचे लोक टाउपोला येतात, तो ट्राउट मात्र तेथील नव्हे. तपकिरी ट्राउट युरोपातला. त्याची अंडी १८६७ साली टास्मानियामार्गे न्यूझीलंडला आली. इंद्रधनुषी ट्राउट कॅलिफोर्नियातला. तो १८८३ साली आला. गोऱ्या वसाहतवाल्यांना मायदेशातील प्राणी-पक्षी नव्या भूमीत रुजवायचे होते आणि त्यासाठी त्यांनी मंडळ्या स्थापन केल्या होत्या. एकोणिसावे शतक संपता संपता दोन्ही जातींचे ट्राउट टाउपोत सोडले गेले. ते तेथे असे माजले की सरोवरातला मूळचा मासा, ज्याला माओरी कोआरो म्हणतात, तो भराभर नाहीसा होऊ लागला. कोआरो हा तूफारेतोआ लोकांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे अन्न होता. कोआरो संपत आला तसे ट्राउटही रोडावले. मग १९३० च्या दशकात त्यांच्या चाऱ्यासाठी स्मेल्ट नावाची चिमुकली मासळी सरोवरात आणून सोडावी लागली. म्हणजे पाहुण्याने घरधन्याचे ताट संपविले आणि त्यानंतर पाहुण्यासाठी नवा स्वयंपाक मांडावा लागला. शिवाय हा नवा मासा धरायचा तर परवाना हवा, आणि तो परवाना घरधन्यालाही चुकला नाही.

या माशाविषयीची आणखी एक गोष्ट आम्हांस मोलाची वाटली. न्यूझीलंडमध्ये ट्राउट विकता येत नाही आणि विकतही घेता येत नाही. तसा कायदाच आहे. खिशात कितीही पैसे असोत, बाजारात तो मिळत नाही आणि खानावळीच्या फलकावर त्याचे नाव नसते. तो स्वत: धरावा किंवा कोणी धरलेला प्रेमाने दिला तर घ्यावा. इंग्लंडात ट्राउटच्या नद्यांवर काठाच्या जमीनदारांची मालकी असे, आणि सामान्य माणसाने तेथे गळ टाकणे ही चोरी ठरे. ती विषमता वसाहतवाल्यांना नव्या देशात नको होती. ज्यांनी आपापसांत एवढी समता जपली, त्यांना मूळ रहिवाशांच्या ताटाची आठवण मात्र राहिली नाही. इतिहासात असे अनेकदा घडते. समतेचे वर्तुळ आखणारा हात आपल्या पायापाशीच थांबतो.

मासे धरणाऱ्या प्रत्येकाच्या नावाचा स्वतंत्र परवाना लागतो. टाउपोचा परवाना देशातील इतर पाण्यांपेक्षा वेगळा असतो. तो दिवसाचा, आठवड्याचा किंवा हंगामाचा मिळतो, आणि मुलांसाठीही निराळा असतो. आदल्या रात्री कन्येने संगणकावर ते काढून कागदावर छापून घेतले. मायला गळ धरावयाचा नव्हता, त्यामुळे तिच्यासाठी परवाना काढण्याचे कारण नव्हते. ती मात्र कागदांकडे बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "माह्या नावाचा बी काढा एक."

जावईबापूंनी समजावले की नुसते बसायला परवाना लागत नाही. उगाच पैसे जातील. ती म्हणाली, "जाऊ द्या पैसे. नाव तं येईन कागदावर."

परवाना निघाला. तिने तो चार घड्या करून कमरेच्या पिशवीत ठेवला.

तिच्या या हट्टामागे काय होते हे आम्हांस ठाऊक होते. आमच्या गावी एक तलाव होता. उन्हाळ्यात त्यात गुरे डुंबत. आमच्या वस्तीतील माणसांनी मात्र त्याच्या पायऱ्यांवर पाय ठेवायचा नाही, असा रिवाज होता. विहिरीवर वेगळा नियम नव्हता. तलावातील मासे धरण्याचा तर प्रश्नच नव्हता. आमचे वडील पावसाळ्याच्या अखेरीस नाल्याला मातीचा बांध घालीत, डबक्यातले पाणी उपशीत आणि चिखलात हात घालून झिंगे, खेकडे, कधी एखादी मरळ काढीत. तो छंद नव्हता. ज्या दिवशी नाल्यात काही सापडे त्या दिवशी भाकरीसोबत कालवण असे; न सापडे त्या दिवशी तिखट-मीठ. पाण्याशी आमच्या घराचे नाते एवढेच होते : इतरांना नको असलेले पाणी ते आमचे.

सकाळी आठ वाजता आम्ही सहा जण नावेत चढलो. मे महिना म्हणजे तिकडचा शरद ऋतू. काठावरचे पॉप्लर वृक्ष पिवळे झाले होते आणि हवा अशी बोचरी होती की मायने लुगड्यावर जावयाचा कोट चढविला. नावाडी तूफारेतोआ जमातीचा, पन्नाशीचा, मोजके बोलणारा गृहस्थ होता. त्याने प्रथम सर्वांचे परवाने पाहिले. मायने आपला कागद पिशवीतून काढून घड्या उलगडून त्याच्या हाती दिला. त्याने तो शांतपणे वाचला, तिच्याकडे पाहून मान लवविली आणि परत दिला.

या मासेमारीची रीत आमच्या नाल्यापेक्षा अगदी निराळी. नाव चालण्याच्या गतीने पुढे जात राहते. मागे दोन काठ्या टेकणांत रोवलेल्या असतात आणि त्यांच्या दोऱ्यांना स्मेल्टसारखे दिसणारे चकाकते खोटे मासे बांधलेले असतात. ट्राउटला थंड पाणी लागते, म्हणून तो पुष्कळदा खोल राहतो. त्या खोलीपर्यंत दोरी नेण्यासाठी शिशाचे वजन वापरतात. नावाडी पडद्यावर तळाचा चढउतार पाहून किती दोरी सोडायची ते ठरवितो. मग वाट पाहायची. काठीचे टोक एकदम खाली खेचले गेले की काठी उचलून रीळ फिरवायचे. पण घाई केली तर दोरी तुटते आणि दोरी सैल सोडली तर मासा गळ झटकून जातो.

पहिला मासा कन्येच्या काठीला लागला. नावाड्याने तो हातजाळ्यात घेऊन मापाच्या पट्टीवर ठेवला. ठरलेल्या मापाहून लहान होता. नियमाप्रमाणे त्याला अलगद पाण्यात सोडले. नावाडी म्हणाला की त्यांच्या परंपरेतही पहिला मासा पाण्याला परत द्यायचा असतो. कन्येने हे मराठीत सांगितले तेव्हा माय म्हणाली, "शहाने लोक हायेत."

दुसरा जावईबापूंनी काढला. चांगला हातभर होता. तिसऱ्याच्या वेळी नातवाची पाळी होती. नऊ वर्षांचा हा मुलगा तासभर काठीच्या टोकावर डोळे रोवून बसला होता. टोक वाकले तसा तो उडी मारून उठला. पुढची दहा मिनिटे आम्ही सर्व जण त्याच्याभोवती श्वास रोखून उभे होतो. मासा दोनदा पाण्याबाहेर उसळला. चंदेरी अंग, कुशीवर गुलाबी पट्टा, पाठीवर काळे ठिपके. मुलाचे हात थरथरत होते, तरी त्याने बापाला काठी घेऊ दिली नाही. मासा नावेत आला तेव्हा तो दीड किलोच्या आसपास भरला. नावाड्याने डोक्यावर एकच नेमका घाव घालून त्याला चटकन शांत केले. तडफडू दिले नाही. हे मायने लक्षपूर्वक पाहिले.

यानंतर तो प्रसंग घडला. ठरलेल्या वेळातील जवळजवळ दोन तास शिल्लक होते आणि परवान्याच्या मर्यादेतही अजून मासे धरता येत होते. नावाडी दोऱ्या पुन्हा सोडू लागला तेव्हा मायने विचारले, "आपन सहा जन. दोन मासे पुरत नाहीत का?"

पुरतील, असे आमच्या सहचारिणी म्हणाल्या. नातवाने तोडगा काढला : आता धरायचे ते सोडून द्यायचे, येथे बरेच लोक तसेच करतात. मायला हे समजावून सांगावे लागले. समजल्यावर तिचा चेहरा बदलला. "खाचं नसन तं त्या जीवाले गयाले टोचता कायले? खेळ हाय का तो?"

मुलगा रडवेला झाला. तो आमच्याकडे वळून म्हणाला, "पण आबा, आपल्याकडे लायसन्स आहे ना? मग का नाही?"

आम्ही जन्मभर हक्क शिकविले आहेत. मुलांना सनावळ्या पाठ नसल्या तरी चालतील, परंतु 'मला हा हक्क आहे' हे वाक्य ताठ मानेने म्हणता आले पाहिजे, असे आम्ही प्रत्येक तुकडीला सांगत आलो आहोत. आमच्या नातवाने तेच वाक्य उच्चारले होते. त्याचे म्हणणे चूक आहे असे आम्ही कसे म्हणावे? जावईबापूंनीही हलकेच सुचविले की पूर्ण वेळेचे पैसे दिलेले आहेत.

उत्तर मायने दिले. तिने पिशवीतून आपला परवाना काढला आणि मुलाच्या मांडीवर ठेवला. म्हणाली, "माह्यापाशी बी हाय ना कागद. म्या धरला का मासा? आमी इहिरीपाशी घागर घेऊन उभ्या राहो. कोनं वरून ओतलं तं पानी, नाई तं तसंच घरी. तवा आमाले कोनी इचारलं नाई, तुले पानी पाह्यजे का नको. आता इचारतात. आता नको म्हनता येते."

मुलाला हे सारे उमगले असे आम्ही म्हणणार नाही. तो पाठ फिरवून बसला. पण दोऱ्या गुंडाळल्या गेल्या, आणि नावाड्याने कारण न विचारता नाव पश्चिमेकडील कड्यांकडे वळविली.

तेथे माइन बे नावाच्या खाडीत उभ्या खडकावर एक भव्य चेहरा कोरलेला आहे. उंची दहा मीटरहून अधिक. माओरींचे आद्य नाविक आणि पुरोहित न्गातोरोइरांगी यांची ती प्रतिमा, १९७० च्या दशकाच्या अखेरीस माओरी शिल्पकाराने साकारलेली. जमिनीवरून तेथवर वाट नाही, पाण्यातूनच जावे लागते. नाव स्थिर झाल्यावर आम्ही नावाड्याला विचारले, हे सरोवर कोणाचे? तो म्हणाला, पाणी सर्वांचे, तळ आमचा.

या चार शब्दांमागे मोठा इतिहास आहे. १८८७ साली तूफारेतोआंचे प्रमुख ते हेउहेउ तुकिनो यांनी आपल्या जमातीची पवित्र शिखरे राष्ट्राला अर्पण केली. त्यातून टोंगारिरो राष्ट्रीय उद्यान निर्माण झाले. पुढे ट्राउटमुळे सरोवराला जगभर कीर्ती लाभली, तेव्हा १९२६ साली कायदा करून सरोवराचा तळ सरकारजमा करण्यात आला. जमातीच्या विश्वस्त मंडळाला वार्षिक रक्कम आणि परवान्यांच्या उत्पन्नातील वाटा मिळाला, पण मालकी गेली. ती परत मिळावयास १९९२ साल उजाडले. २००७ साली त्या करारात सुधारणा झाली. मालकी परत मिळाल्यावर तूफारेतोआंनी सरोवर बंद केले नाही. विहारासाठी, पोहण्यासाठी, छंदाच्या मासेमारीसाठी ते सर्वांना मोकळे राहील, हे करारातच नमूद आहे.

१९२६ हा आकडा ऐकताच इतिहासाच्या शिक्षकाचे मन महाडला गेल्यावाचून कसे राहील? मुंबई विधिमंडळात बोले यांचा ठराव १९२३ साली संमत झाला होता, महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले केले होते; परंतु रूढीचा पहारा उठला नव्हता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो लोकांसह त्या तळ्यावर जाऊन ओंजळभर पाणी घेतले. उच्च न्यायालयाचा अंतिम निर्णय त्यानंतर दहा वर्षांनी, १७ मार्च १९३७ रोजी लागला. टाउपोत कायद्याने लोकांचे पाणी काढून घेतले; महाडात कायद्याने दिलेले पाणी रूढीने अडविले. दोन्हीकडे माणसांना आपले पाणी परत मिळविण्यासाठी दीर्घ काळ झगडावे लागले, आणि दोन्हीकडे ते मिळाल्यावर त्यांनी ते दुसऱ्या कोणास बंद केले नाही. चवदार तळ्यावर त्या दिवशी ज्यांनी ओंजळ भरली, त्यांना ते तळे एकट्यासाठी नको होते.

पंचशीलातील पहिल्या शीलाचा अर्थ विद्यार्थी आम्हांस अनेकदा विचारतात. विशेषत: घरी मासे-मटण शिजते अशी मुले काहीशा संकोचाने विचारतात. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसेचे विवेचन करताना गरजेपोटी मारणे आणि केवळ मारण्याच्या इच्छेपोटी मारणे यांत भेद केला आहे. माय अक्षरओळखीपुरती शिकलेली. तिने तो ग्रंथ विहारात वाचला जाताना ऐकला असेल तेवढाच. परंतु नावेत तिने जी रेषा आखली ती नेमकी हीच होती. दोन मासे ही आमची गरज होती, तिसरा केवळ इच्छा ठरला असता.

त्याहून महत्त्वाचे आहे ते तिचे दुसरे म्हणणे. नाल्याच्या चिखलात मासे शोधणाऱ्या आमच्या वडिलांना कोणी संयमी म्हटले नाही, आणि म्हणूही नये. ज्याला मिळूच दिले जात नाही, त्याच्या न घेण्याला शील म्हणणे ही क्रूर थट्टा आहे. ती आपल्या समाजाशी शतकानुशतके करण्यात आली. 'थोडक्यात समाधान माना' हा उपदेश ज्यांच्या घरी कोठारे भरलेली होती तेच करीत आले. म्हणून आधी हक्क हवा, कागदावर स्वत:च्या नावाने हवा, आणि तो मिळविण्यात कसूर करता कामा नये. हक्क हाती आल्यावर मात्र आणखी एक पायरी उरते. तेथे आपल्याला अडविणारे कोणी नसते आणि कोठे थांबायचे हे आपले आपणच ठरवावे लागते.

त्या रात्री भाड्याच्या घरातील स्वयंपाकघरात मायने लुगड्याचा पदर खोचला. ट्राउटचे खवले इतके बारीक असतात की ते काढावे लागत नाहीत, याचे तिला नवल वाटले. घरून नेलेले कांडलेले तिखट, भाजलेले सुके खोबरे, लसूण आणि जिरे यांचे वाटण करून तिने रस्सा केला. नातवाने रुसवा विसरून दोनदा वाढून घेतले. आपण धरलेला मासा कोणता आणि बाबांनी धरलेला कोणता, हे तुकड्यांवरून ओळखण्याचा त्याचा प्रयत्न जेवण संपेपर्यंत चालला होता.

आज आपल्या शाळेचे माजी विद्यार्थी डॉक्टर आहेत, अभियंते आहेत, शिक्षक, परिचारिका, बँकेतील अधिकारी आहेत. ज्या कार्यालयांच्या पायऱ्यांवर त्यांच्या आजोबांना तिष्ठत ठेवले गेले, तेथे आता त्यांच्या सहीने कामे होतात. या यशाचा आम्हांस अभिमान आहे आणि अजून कितीतरी दारे उघडावयाची आहेत, याचे भानही आहे. वसतिगृहात आज जी मुले झोपतात त्यांपैकी अनेकांच्या गावी पाण्याचा प्रश्न अजून मिटलेला नाही. त्यांना आधी परवानाच मिळवून द्यायचा आहे. ज्यांना तो मिळाला आहे त्यांनी आपल्या गरजेपुरते घेतल्यावर वर्षातून एकदा तरी या वसतिगृहाकडे वळावे, एखाद्या मुलाचे वर्षभराचे शुल्क उचलावे, एखाद्या मुलीच्या अर्जावर तिचे नाव नीट लिहिले आहे की नाही हे बसून पाहावे. पालकांनी मुलांना हक्क सांगताना पाणवठ्याची ती कहाणीही सांगावी. ती आजीच्या तोंडून ऐकवता आली तर उत्तम.

शाळेच्या पुढील वाटचालीस आमच्या कुटुंबातील चारही पिढ्यांच्या मंगल कामना. जयभीम.